धार देबेन ना

(डमडममधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवाळी होऊन गेली आहे. बँकेतून निवृत्त झालेले श्यामसुंदर आणि त्यांची मुलगी नूपुर सियालदहच्या बाजारातून आत्ताच परत आली आहेत. दार उघडलं आहे श्यामसुंदरांच्या बायकोने, वृंदाने. तिने ते लावायच्या आतच आवाज चढला आहे.)

श्यामसुंदर: ...आणि तेही भर दुकानात! चार गिऱ्हाइकांच्या समोर! अगं, परक्या माणसाने केलं असतं तर गिळलं असतं मी. पोटच्या पोरीने अब्रू काढली माझी!

वृंदा: अहो, दार तरी लावू द्या. समोर ऐकू जातंय.

श्यामसुंदर: जाऊ दे. त्या बंगाल्यांना मराठी कळत नाही.

वृंदा: ओरडणं कळतं.

नूपुर: बाबा, आधी बसा ना. राग करू नका. चहा खाणार?

श्यामसुंदर: चहा पितात! जन्मभर सांगत आलोय, चहा पितात, पाणी पितात. खातात ते बापाचं डोकं, आणि ते तुला बरोबर जमतं!

वृंदा: झालं काय पण? चाकू मिळाला की नाही?

श्यामसुंदर: मिळाला. मिळाल्यावरच तर शोभा झाली.

नूपुर: आई, सियालदहपासून इथपर्यंत एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. गाडीत तर माझ्याकडे पाठ करून उभे होते. जागा होती तरी.

श्यामसुंदर: बोललो असतो तर गाडीतून उतरवलं असतं लोकांनी मला.

वृंदा: दुकानदार काही बोलला का तुम्हाला?

श्यामसुंदर: तो कशाला बोलेल? देवमाणूस तो. म्हातारा, माझ्याच वयाचा. तासभर ट्रेच्या ट्रे काढून दाखवत होता, कपाळावर आठी नाही. नाहीतर हिची ती ऑनलाइनची दुकानं! मी म्हटलं, सहाशेच्या वर एक पैसा घालणार नाही. तर ही मोबाइल नाकासमोर धरते. दोन-दोन हजारांचे! त्यात काय, तर टॉर्च. बाटली उघडायचं. नखं कापायचं. मला चाकू हवाय, खिशात हार्डवेअरचं दुकान नकोय.

नूपुर: रिव्ह्यू चांगले होते त्याचे.

श्यामसुंदर: रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी कधी पेरू सोललाय का?

वृंदा: बरं, मग? चांगला आहे का घेतलाय तो?

श्यामसुंदर: चांगला? अगं, पहिले सात-आठ तर मी हात लावूनच परत दिले. एकाचं पातं असं डुगडुगत होतं, पडायला आलेल्या दातासारखं. एकाची मूठ प्लॅस्टिकची, वर लाकडाचा रंग मारलेला. मग त्याने खालच्या खणातून हा काढला. बर्धमानकडच्या कारागिराचा, म्हणाला. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. पातं साध्या पोलादाचं. स्टेनलेस नव्हे! स्टेनलेस नुसतं चमकतं, नवरदेवाच्या मित्रांसारखं, कामाच्या वेळी गायब. साधं पोलाद गंजतं, पुसून ठेवावं लागतं, पण एकदा धार लागली की सोडत नाही. मिटवून उजेडाकडे धरला, तर पाठीच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली नाही कुठे. उघडला की टक्. मिटला की टक्. डावी-उजवीकडे हलवून बघितला, हूं नाही की चूं नाही.

नूपुर: खरंच छान आहे, आई. मलाही आवडली ती चाकू.

श्यामसुंदर: तो चाकू! तो!

नूपुर: तो.

वृंदा: आणि सहाशेत बसला?

श्यामसुंदर: साडेसातशे सांगितले होते. घासाघीस करून साडेसहाशेवर आणला. तरी पन्नास जास्तच होत होते. म्हटलं, जरा दारात जाऊन उजेडात बघतो, मग सांगतो. दारात उभा आहे मी, आणि मागून कानावर येतं. तो म्हातारा हिला काहीतरी विचारतोय, आणि ही म्हणते... सांग, नूपुर. तूच सांग तुझ्या आईला काय म्हणालीस ते.

नूपुर: बाबा, जाऊ दे ना.

श्यामसुंदर: “ना ना, धार देबेन ना!” असं म्हणाली ही! स्वतःच्या कानांनी ऐकलं मी!

वृंदा: ...असं म्हणाली?

श्यामसुंदर: मोठ्याने! चारचौघांत! “धार देबेन ना!” तुला कळतंय का? आपल्या गल्लीत एक दुकान दाखव जिथे पाटी नाही, “आज नगद, काल धार.” आज रोख, उद्या उधार. या गावात बदलून आलो तेव्हा सगळ्यात आधी वाचायला शिकलो ती पाटी आहे ती! त्या भल्या माणसाने बघितलं असेल, याचे पन्नास रुपये कमी पडतायत, तर म्हणाला असेल, धार देऊ का, नंतर आणून द्या. आणि ही म्हणते, नको, यांना उधार देऊ नका! अगं, बँकेत आख्खी नोकरी लोकांची पत जोखण्यात गेली माझी. लाखांची कर्जं मंजूर केली या हाताने. आणि आज पन्नास रुपयांची माझी पत नाही?

वृंदा: नूपुर...

नूपुर: हो. म्हणाले मी तसं. चुकलं.

श्यामसुंदर: चुकलं! संपलं! आणि वर मोबाइल काढून सगळे पैसे स्वतः देऊन मोकळी. म्हणजे बापाच्या खिशात काय आहे ते विचारायचीसुद्धा गरज नाही. मी तडक बाहेर पडलो. त्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटली मला.

वृंदा: अहो, पण तिच्या मनात तसं नसेल. लहान आहे.

श्यामसुंदर: एकतिसावं लागलंय! सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात वीस माणसं हाताखाली आहेत तिच्या! लहान आहे म्हणे.

नूपुर: सॉरी म्हटलं ना, बाबा. किती वेळा म्हणू?

श्यामसुंदर: आवाज चढवू नकोस.

नूपुर: मी नाही चढवत! मघापासून ऐकूनच घेतेय! अर्धा दिवस रजा टाकून गेले तुमच्याबरोबर, तासभर उभी राहिले, तुम्ही प्रत्येक चाकूचा इंटरव्ह्यू घेत होता तेव्हा एका शब्दाने...

वृंदा: नूपुर, पुरे. तू आत जा. कपडे बदल.

श्यामसुंदर: कुठे जायचं नाही. आधी चाकू काढ तो. कागदात बांधून पर्समध्ये कोंबलाय, बघू तरी दे.

वृंदा: आत्ता कशाला? जेवणं झाल्यावर बघा.

श्यामसुंदर: आत्ता. आणि त्या टोपलीतला पेरू दे इकडे.

वृंदा: मला नकोय आत्ता पेरू.

श्यामसुंदर: तुला नको असेल. गणपतीत तो जुना चाकू हरवल्यापासून या घरात पेरू म्हणजे विळीवर चार फोडी केलेला पेरू. जनावराला घातल्यासारखा. लग्न झाल्यापासून तुला कधी सालासकट पेरू खावा लागला होता?

वृंदा: नाही. कबूल आहे. पण आत्ता राहू दे.

श्यामसुंदर: का राहू दे? नूपुर, आण तो.

नूपुर: घ्या.

वृंदा: अगं, हातात देऊ नकोस, खाली ठेव! चाकू हातात दिला की भांडण होतं.

श्यामसुंदर: व्हायचं राहिलंय का काही? दे इकडे. बघ, वृंदा. बघ ही मूठ. हातात कशी बसते बघ. आता हे साल असं एका पट्टीत... असं... अरे?

वृंदा: अहो, जाऊ द्या.

श्यामसुंदर: थांब. हे लागत का नाही? नुसतं घसरतंय. अरे, याला धारच नाही! पेरू सोडा, लोणीसुद्धा कापलं जाणार नाही याने. काठ बघ, जाडाभरडा, विटेसारखा!

नूपुर: बाबा...

श्यामसुंदर: फसवलं! हातोहात फसवलं हरामखोराने! देवमाणूस म्हणत होतो मी त्याला! पात्यावर तेलाचा जाड थर दिलेला, बोट लावायला गेलो तर म्हणाला, हात खराब होईल. हात खराब होईल! साडेसहाशे रुपये घेऊन तोंडाला पानं पुसली. माझ्या चपला कुठे आहेत?

वृंदा: कुठे निघालात?

श्यामसुंदर: सियालदहला. दुकान बंद व्हायच्या आत. त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर हा चाकू आपटतो त्याच्या गल्ल्यावर. चोर आहेस म्हणतो. बंगालीत म्हणतो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

वृंदा: अहो, एवढ्यासाठी परत जायचं? उद्या बघू.

श्यामसुंदर: उद्या नाही. एकदा पोरीने माझी लाज काढली, आता दुकानदारही काढणार, आणि मी घरात बसून सुपारी कातरू? नूपुर, तूही चल. तुला चांगलं बंगाली येतं ना? आता वापर.

नूपुर: बाबा, नका जाऊ. त्यांची चूक नाही.

श्यामसुंदर: बोथट चाकू विकला आणि चूक नाही?

नूपुर: ते धार लावून देणार होते.

वृंदा: नूपुर!

नूपुर: नाही, आई. त्या म्हाताऱ्या माणसाला हे चोर म्हणणार, सगळ्यांसमोर. ते मला नाही चालणार. बाबा, ऐका. हाताने बनवलेले चाकू तिथे बोथटच ठेवतात. कोणी विकत घेतला की मग मागच्या चाकावर धार लावून देतात. त्यांनी मला तेच विचारलं. “धार दिये देबो?”

श्यामसुंदर: तेच म्हणतोय मी. उधार देऊ का.

नूपुर: उधार नाही. धार. धार लावून देऊ का.

श्यामसुंदर: पण धार म्हणजे उधार ना?

नूपुर: बंगालीत दोन्हीला धारच म्हणतात. चाकूचीसुद्धा धारच.

श्यामसुंदर: आणि तू म्हणालीस...

नूपुर: मी म्हणाले, धार लावू नका.

श्यामसुंदर: थांब. थांब जरा. मराठीतही धारच म्हणतात की. चाकूच्या दुकानात उभा होतो मी, हातात चाकू, आणि मला ऐकू काय आलं, तर उधार! आपला साधा मराठी शब्द, तो मला मराठीत ऐकूच आला नाही!

वृंदा: गैरसमज होतो माणसाचा.

श्यामसुंदर: गैरसमज संपला, वृंदा, आता समज सुरू झाली. मुद्दाम बोथट घेतला हिने. बापाला चाकू घेऊन द्यायचा, पण कापणारा नाही. भातुकलीतला! आणि मी गाडीत उभा राहून कुढत बसलो की माझी पत गेली. पत गेली असती तर बरं झालं असतं गं! का केलंस हे?

नूपुर: तुम्हाला माहीत आहे का केलं ते.

श्यामसुंदर: मला नाही माहीत. तू बोल.

नूपुर: तुमचा हात थरथरतो, बाबा.

श्यामसुंदर: कोण म्हणतं?

नूपुर: दुर्गापूजेत अंजलीची फुलं तुमच्या हातातून सांडत होती. शेजारच्या काकूंनी मला विचारलं.

श्यामसुंदर: गर्दी होती. कोणीतरी धक्का दिला.

नूपुर: परवा कपबशी वाजत होती तेव्हा कोणी धक्का दिला?

श्यामसुंदर: म्हणजे माझ्यावर पाळत ठेवतेस! आणि हे सगळं तुझं तू ठरवलंस. मला न विचारता. माझ्या देखत, पण मला धड कळणार नाही अशा भाषेत!

नूपुर: हो. मीच ठरवलं.

वृंदा: खोटं बोलू नकोस माझ्यासाठी. अहो, तिने काही ठरवलेलं नाही. मी सांगितलं होतं तिला. सकाळी, तुम्ही अंघोळीला गेला होता तेव्हा. म्हटलं, कोणता का घेईनात, बिनधारेचा आण. ती नाही म्हणत होती. मी शपथ घातली तिला.

श्यामसुंदर: तू?

वृंदा: मी. आता ओरडायचं तर माझ्यावर ओरडा.

श्यामसुंदर: तू, वृंदा? अगं, मला तोंडावर सांगायचंस, की तुम्ही म्हातारे झालात, चाकू घेऊ नका. हे असलं पाठीमागे...

वृंदा: तोंडावर सांगून तुम्ही काय ऐकता? डॉक्टरकडे चला म्हणून कितीदा म्हटलं? सॉल्ट लेकच्या डॉक्टरकडे हिने दोनदा नंबर लावला. एकदा तुम्हाला बँकेच्या पेन्शनर लोकांची मीटिंग आठवली, एकदा पोट बिघडलं. रात्री दोन प्लेट वाटाण्याची घुगनी खाल्लीत ना पोट बिघडलेल्या माणसाने? मी बघितलं नाही वाटतं?

श्यामसुंदर: विषय बदलू नकोस.

वृंदा: हाच विषय आहे! आणि तुमचा तो जुना चाकू हरवला नाही. मी लपवला.

श्यामसुंदर: काय?

नूपुर: आई, हे मला पण माहीत नव्हतं.

वृंदा: तांदळाच्या डब्यात आहे. तळाशी, फडक्यात गुंडाळून.

श्यामसुंदर: तांदळाच्या... अगं, सोफा उलटा केला मी! सगळ्या पँटींचे खिसे उसवून बघितले! वॉचमनवर संशय घेतला! दोन महिने त्या बिचाऱ्याच्या नमस्काराला नमस्कार केला नाही! आणि तू भात वाढत होतीस मला रोज, त्याच डब्यातला!

वृंदा: हो, वाढत होते. कारण धुवायला टाकलेल्या तुमच्या रुमालांत रक्ताचे रुमाल सापडत होते मला. एकदा नाही, तीनदा. आत आत, घडीच्या घडीत दडवलेले. विचारलं तर काय म्हणालात? दाढी करताना कापलं. दाढी करताना तळहात कापतो का कोणाचा? डोक्यात राख घालून घेता येते तुम्हाला, मला येत नाही का? चाळीस वर्षं तुम्ही सोललेलं फळ खाल्लं मी. मला त्यात तुमचं रक्त नकोय!

श्यामसुंदर: हात थरथरतो म्हणून चाकू काढून घ्यायचा. उद्या पेन काढून घ्याल. मग कपबशी. मग चमच्याने भरवाल. चाकू काढून घेतला की हात थरथरायचा थांबतो का?

वृंदा: नाही थांबत. म्हणून तर डॉक्टर म्हणतेय. तुम्ही डॉक्टरचं नाव काढू देत नाही, मग मी काय करू? हात तर तुमचा काढून ठेवता येत नाही डब्यात. चाकू ठेवला.

नूपुर: बाबा, चुकलं ते चुकलंच. दुकानात तुम्हाला विचारायला हवं होतं, मराठीत. पण तुम्ही सांगितलं असतं का मला काही?

श्यामसुंदर: तू मध्ये बोलू नकोस. तुला मराठीत विचारायचं तर आधी चहा पितात की खातात ते ठरव.

वृंदा: तिच्यावर का चिडताय? माझ्यावर चिडा.

श्यामसुंदर: तुझ्यावर चिडलोच आहे! आयुष्यात चिडलो नव्हतो एवढा चिडलोय! कोणावर चिडू आणि कोणावर नको, अशी गत झालीय माझी. त्या म्हाताऱ्याला चोर म्हणायला निघालो होतो मी. वॉचमनला चोर ठरवलं. आणि चोर घरात, तांदळाच्या डब्यापाशी!

वृंदा: आहे मी चोर. बास? आता माझं एक ऐका. उद्या सकाळी मी स्वतः येते त्या दुकानात. तुमच्यासमोर धार लावून घेऊ, वस्तऱ्यासारखी. जुनाही काढून देते. दोन-दोन चाकू बाळगा खिशात. पण तिथून सरळ डॉक्टरकडे. नूपुर, लाव फोन.

नूपुर: आत्ता लावते.

श्यामसुंदर: कोणी फोन लावायचा नाही.

वृंदा: लाव तू.

श्यामसुंदर: वृंदा, मी सांगतोय...

वृंदा: आणि मी सांगतेय! तुम्हाला तुमच्या चाकूची पडलीय, मला तुमची पडलीय. तुम्ही बँकेत सही जुळली नाही तर चेक परत करायचात. परवा तुमचाच चेक परत आला. सही जुळत नाही म्हणून. मेसेज माझ्याही मोबाइलवर आला, तुम्हाला वाटलं तो मला वाचता येत नाही.

श्यामसुंदर: ...तू वाचलास तो?

वृंदा: वाचला. आणि वाट बघत बसले की आज सांगाल, उद्या सांगाल. इकडे करा तो हात.

श्यामसुंदर: कशाला?

वृंदा: करा इकडे. खिशातून काढा. टेबलावर ठेवा.

श्यामसुंदर: नूपुर, तू आत जा.

नूपुर: मी नाही जाणार, बाबा.

श्यामसुंदर: ...हा घे. बघ. असा ठेवला की गप्प असतो. काही नसतं. उचलला, काही धरायला गेलो, की मग हे असं. बघा दोघी. पोटभर बघा.

वृंदा: कधीपासून आहे हे?

श्यामसुंदर: होळीच्या आधीपासून. तेव्हा नुसतं बोट हलायचं.

वृंदा: होळीपासून! एवढे महिने एका ताटात जेवल्यासारखे राहतोय आपण. मला एका शब्दाने का सांगितलं नाहीत हो?

श्यामसुंदर: सांगितलं असतं, तर तू स्वतःच सोलून खायला लागली असतीस.